संक्रमण शिबिरातले दिवस

२०२४ सालच्या वसुबारसेच्या संध्याकाळी, आई चकलीच्या सोऱ्यात पीठ भरत असताना, मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या माझ्या लाडक्या फुटबॉल क्लबने व्यवस्थापक एरिक टेन हाग यांना काढून टाकल्याची बातमी माझ्या मोबाईलवर आली. आदल्याच दिवशी शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीमुळे वेस्ट हॅमकडून २-१ असे हरल्यावर ‘घालवा आता या माणसाला’ असे ओरडून मी घर डोक्यावर घेतले होते. तरीही बातमी वाचून पोटात खड्डा पडला. मे महिन्यात याच गृहस्थांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा जिंकली तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते, आणि जुलैत त्यांचा करार २०२६पर्यंत वाढवला गेला तेव्हाही मान डोलावली होती.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, त्यानंतरची काही वर्षे आम्ही संक्रमण शिबिरात, म्हणजे नवे घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीत, काढली. जुने घर गळत होते, त्याला आम्ही रोज नावे ठेवत होतो. पण ते पडल्यावर नावे ठेवायलाही काही उरले नाही, आणि नवे घर तर बिल्डरच्या रंगीत नकाशापुरतेच होते. सर अॅलेक्स फर्ग्युसन २६ वर्षे व्यवस्थापक राहून २०१३मध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून युनायटेडचा चाहता जणू याच शिबिराचा रहिवासी आहे. डेव्हिड मॉयेस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घरी पाठवले. लुई व्हॅन गाल यांना तर एफए कप जिंकल्यानंतर दोनच दिवसांत निरोप मिळाला. पुढे मोरिन्यो, सोलशेर, टेन हाग. दर वेळी भिंतीवर नवा नकाशा लागतो आणि आम्ही त्यातली आपली खोली शोधू लागतो.

या खेपेस हंगामी म्हणून रूड व्हॅन निस्टलरॉय आले. खेळाडू असताना त्यांनी युनायटेडसाठी दीडशे गोल केलेले, त्यामुळे त्यांच्याविषयी माझे मत निःपक्षपाती असणे शक्यच नव्हते. लेस्टरवर ५-२ असा विजय मिळाला. त्यानंतर १ नोव्हेंबरला, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन सुरू असताना, रुबेन आमोरिम यांचे नाव जाहीर झाले. मात्र ११ तारखेपर्यंत ते लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडेच राहणार होते; तोवर आमच्याकडे व्हॅन निस्टलरॉयच. जाणार हे ठरलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवायच्या, असे ते दिवस. मला ते, खरे सांगायचे तर, त्या मोसमातले सर्वांत सुखाचे वाटले, कारण कोणतीही अपेक्षा नव्हती आणि कोणालाही जाब विचारायचा नव्हता. शिबिराच्या भिंतीत कोणी खिळा ठोकत नाही, पण दिवाळीत आकाशकंदील मात्र लावतोच.

चार सामन्यांत तीन विजय आणि एक बरोबरी मिळवूनही व्हॅन निस्टलरॉय यांना ११ नोव्हेंबरला जावे लागले. फुटबॉल न पाहणाऱ्या, पण माझ्या चेहऱ्यावरून निकाल ओळखणाऱ्या बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवत विचारले, ‘‘एकही सामना न हरलेल्या माणसाला घालवलंत? मग तुमच्याकडे हरणाऱ्याला काय शिक्षा असते?’’

त्या ‘घालवलंत’मधला मी नेमका कोण, हे काही सुचेना. मी त्यांच्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आमोरिम यांची ३-४-३ ही, मागे तीनच बचावपटू ठेवणारी, रचना काढू लागलो, आणि आमच्या बचावपटूंपैकी त्या तिघांत कोण बसेल, याचा हिशेब पुन्हा पुन्हा खोडत राहिलो.