शीड फाटलेलं नाही, तरी बदलायचं का?

बोट कोकणात आणि माणसं साताऱ्यात, म्हणजे पावसाळ्याआधी मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) उतरवून कुंभार्ली घाटानं वर आणणं आलंच. आणलंच आहे तर गच्चीवर पसरा आणि आधी शिवण बघा. ऊन कापडाआधी दोरा खातं. टाका नखानं उचलला आणि तटकन तुटला, तर दोरा गेला. कापड धड असेल तर शिवण पुन्हा मारून घ्या, नवं शीड कशाला?

खरा प्रश्न पोटाचा, म्हणजे शिडाच्या फुगवट्याचा, आणि ते गच्चीवर कळत नाही. शिडात वारा भरला की बूमच्या (शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मध्यावरून वर बघा. सर्वांत खोल भाग डोलकाठीपासून 40 ते 50 टक्क्यांवर हवा. हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) ताणूनही तो मागेच राहत असेल तर कापड ताणलं गेलंय. असं शीड बोटीला नुसतं कलवतं, बोट सारखं वाऱ्याकडे नाक वळवते आणि सुकाणू धरून हात भरून येतात.

30 फुटी बोटीला चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅमचं, क्रॉस-कट (आडव्या पट्ट्या जोडून शिवलेलं) डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, पुरे. लॅमिनेट (थर चिकटवून केलेलं कापड) आकार झकास धरतं, पण कोकणच्या दमटपणात बुरशी धरते, थर सुटतात. उरलेले पैसे तिसऱ्या रीफवर (जोराच्या वाऱ्यात शीड आखडायच्या सोयीवर) घाला. पूर्ण लांबीच्या बॅटननी (शिडात आडव्या घालायच्या लवचिक पट्ट्यांनी) फडफड कमी होते, शीड टिकतं. मात्र त्यांचा रेटा पुढे डोलकाठीच्या खाचेत सरकणाऱ्या साध्या स्लाइडवर येतो आणि शीड उतरवताना ऐन वाऱ्यात अडकतं. बॅटनकार (बॅटनच्या टोकाला बसणारे, सहज सरकणारे तुकडे) बसवणार नसाल तर वरच्या दोनच पूर्ण ठेवा.

मापं जुन्या शिडावरून कधीच देऊ नका. हॅलियार्डला टेप बांधून पार वर चढवा आणि डोलकाठीवरच मोजा. हमखास राहतं ते टॅकच्या (शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याच्या) पिनचं माप: डोलकाठीच्या खाचेपासून किती मागे, किती वर. ते चुकलं की खालच्या कोपऱ्यात कायमची तिरकी घडी.

नवं शीड चढवल्यावर हॅलियार्ड लफच्या (शिडाच्या डोलकाठीकडच्या कडेच्या) आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकाच ताणा. लफलगत उभी घडी आली तर जास्त झालं. सकाळच्या मंद मतलई वाऱ्यात थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी चालतील. मग वरची बॅटन बूमला समांतर येईपर्यंत शीट (बूम आत-बाहेर करायचा दोर) ओढा. तिच्या टोकाची टेलटेल (वारा दाखवणारी फीत) सतत शिडामागे लपत असेल तर शीट बोटभर सोडा. दुपारी खारे वारे वाढले की आधी आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारा दोर) आणि कनिंगहॅम (लफ खाली ओढणारा दोर) ताणून पोट सपाट करा, मग ट्रॅव्हलर (शीटचं खालचं टोक आडवं सरकवणारी पट्टी) वाऱ्याच्या उलट बाजूला सोडा, आणि तरीही बोट कलतच असेल तर रीफ. लीचलाइन (शिडाच्या मागच्या कडेतली दोरी) फडफड थांबेपर्यंतच ओढा. पुढे ओढली तर कड आत वळते.