इव्हेंटचा नंबर नको, नाव धरा

सध्या एमपीआय-टीवर काम करतेय. एमपीआय म्हणजे एकत्र चालणाऱ्या अनेक प्रोसेसनी एकमेकींना मेसेज कसे पाठवायचे याचं स्टँडर्ड, आणि एमपीआय-टी म्हणजे त्याच्या लायब्ररीच्या आत काय चाललंय ते टूलला बघता यावं म्हणून जो इंटरफेस आहे तो. 2012 च्या एमपीआय 3.0 मध्ये तो आला तेव्हा कंट्रोल व्हेरिएबल (लायब्ररीच्या सेटिंग) आणि परफॉर्मन्स व्हेरिएबल (आतली मोजमापं) होते, इव्हेंट आले 2021 च्या 4.0 मध्ये. व्हेरिएबल आपण जाऊन वाचायचं, इव्हेंटमध्ये मात्र आत काही घडलं की लायब्ररीच आपला कॉलबॅक, म्हणजे आपण आधी देऊन ठेवलेलं फंक्शन, बोलावते, मला हे फार आवडतं.

माझ्या छोट्या ट्रेसिंग टूलला, म्हणजे काय घडलं त्याची नोंद ठेवणाऱ्या टूलला, एकच इव्हेंट हवा होता. यादी प्रिंट केली, तो 17 नंबरला दिसला आणि मी कोडमध्ये सरळ 17 लिहिलं. नंतर लायब्ररी वेगळ्या ऑप्शननी बिल्ड केली आणि ट्रेसमध्ये भलतेच आकडे यायला लागले, एरर नाही, क्रॅश नाही, काहीच नाही. 17 वर आता दुसराच इव्हेंट होता. पूर्ण दिवस गेला हे सापडायला. एकदा मिळालेला इंडेक्स, म्हणजे यादीतला नंबर, त्या रनमध्ये बदलत नाही एवढीच खात्री असते, पुढच्या बिल्डला तो तोच असेल असं कुणी म्हटलेलंच नाही.

मग लूप लावून एकेका इव्हेंटची माहिती घ्यायची आणि नाव जुळतंय का बघायचं असं केलं, तर नाव जुळेचना. नाव ठेवायची माझी जागा (बफर) 32 अक्षरांची, नाव त्याहून मोठं, लायब्ररी बसतील तेवढी 31 अक्षरं आणि शेवटी नल (मजकूर संपल्याची खूण) भरून देते, खरी लांबी लेंथच्या आर्ग्युमेंटमध्ये परत येते आणि ती मी तपासत नव्हते.

खरं तर यासाठी इव्हेंट गेट इंडेक्स हे फंक्शन आहेच, नाव द्या, इंडेक्स घ्या. व्हेरिएबलसाठी असंच फंक्शन 2015 च्या 3.1 पासून आहे, फक्त परफॉर्मन्स व्हेरिएबलला नावासोबत क्लासही, म्हणजे तो कोणत्या प्रकारचा आहे तेही, द्यावा लागतो.

पण रिटर्न कोड बघाच. नाव सापडलं नाही तर इनव्हॅलिड नेम एरर येतो, प्रोग्रॅम थांबत नाही, एमपीआयचे एरर हँडलरसुद्धा बोलावले जात नाहीत, त्यामुळे न बघता पुढे गेलात तर इंडेक्स म्हणून कचरा वापराल. आणि या एररचा अर्थ ‘आत्ता या घडीला असा इव्हेंट नाही’ एवढाच. एमपीआय-टी मुख्य इनिटच्या, म्हणजे एमपीआय सुरू करणाऱ्या कॉलच्या, आधीही सुरू करता येतं आणि एखादा भाग नंतर लोड झाला की नवीन इव्हेंट यादीत येऊ शकतात. मी इनिटच्या आधी विचारत होते आणि नाही म्हटल्यावर सोडून देत होते.

नावंही स्टँडर्डनी ठरवलेली नाहीत, ज्याची त्याची लायब्ररी ठरवते, म्हणून ती मी आता कॉन्फिग फाइलमध्ये ठेवलीत. टूल इनिटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारतं, तरी नाही मिळालं तर ते नाव आणि लायब्ररीचं व्हर्जन ट्रेसच्या पहिल्या ओळीत लिहितं.