तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याखाली उतरायचं वय

"स्कूबा डायव्हिंग शिकायला योग्य वय कोणतं?" हा प्रश्न मला दोन टोकांकडून येतो. लहान मुलांच्या आईवडिलांना विचारायचं असतं, फार लवकर तर होत नाही ना? साठीतल्यांना विचारायचं असतं, आता उशीर तर झाला नाही ना? मी स्वतः दोनदा शिकले, २६व्या वर्षी आणि मग ४८व्या. मुलगी ११व्या वर्षी शिकली, थोरली बहीण ६४व्या.

आधी माझं २६वं वर्ष सांगते. मी पट्टीची पोहणारी होते आणि कुणाच्या मागे राहणं मला सहन होत नसे. पाण्यात दर १० मीटरला हवेच्या दाबाइतका दाब वाढत जातो, पण कानांची खरी परीक्षा पहिल्या १० मीटरांतच होते. तेवढ्यात दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्याआडची हवा निम्म्या जागेत आवळली जाते. म्हणून नाक चिमटीत धरून, हलकेच फुंकून, थोडं थोडं थांबत, दुखायच्या आधीच कान मोकळे करत उतरायचं असतं. मला सर्दी होती. ती मी कुणाला सांगितली नाही. उजव्या कानाला दडा बसला, बाकीचे खाली जात होते, मीही कळ सोसत गेले. पडद्याला इजा झाली. कित्येक आठवडे त्या कानाने कमी ऐकू येत होतं, आणि पुढे २२ वर्षं मी सिलिंडर पाठीवर घेतला नाही.

डायव्हिंगमध्ये सगळे पाळतात असा एक रिवाज आहे. कोणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतं आणि त्याबद्दल जाब विचारायचा नसतो. अंगठा वर केला की वर जायचं. (नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो. पाण्याखाली 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करतात.) तो अंगठा वेळेवर वर करता येतो का, यावरून मी वय मोजते. २६व्या वर्षी मला तो येत नव्हता.

पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार १०व्या वर्षापासून शिकता येतं. १०-११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंतच मुभा असते, आणि सोबत प्रशिक्षक किंवा प्रमाणपत्र असलेले आईवडील लागतात. माझी लेक १० वर्षांची असताना पोहण्याच्या तलावात तिचा कान दुखत होता. शिकायचं राहील या भीतीने तिने ते लपवलं. मला माझी सर्दी आठवली आणि मी वर्षभर थांबले. मुलं कौशल्यं पटकन उचलतात. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढायला तिला माझ्या निम्मा वेळ लागला. घोर वेगळाच असतो. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम. १० मीटरवर घेतलेला भरपूर श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगतो आणि फुप्फुस फाटू शकतं. घाबरलेलं मूल नेमकं श्वास कोंडून वर धावतं. नियम पाठ असणं आणि घाबरल्यावर आठवणं यांत फार अंतर आहे. पुढच्या वर्षी बोटीच्या शिडीवर पाय ठेवून ती म्हणाली, "आई, आज नको." त्या दिवशी मी निश्चिंत झाले.

चाळिशी ओलांडलेल्यांनो, आधी डॉक्टर. शिकण्यापूर्वी भरायच्या आरोग्याच्या प्रश्नावलीत ४५ वर्षांपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरातला हृदयविकार. त्यावर डोळे मिटून 'नाही'च्या खुणा करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा राग येतो. पाण्यात उतरलं की हातापायांतलं बरंचसं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाला जास्त काम पडतं. वयस्कर डायव्हर पाण्यात दगावतात तेव्हा त्यामागे अनेकदा हृदयच असतं. पोहण्याच्या परीक्षेला मात्र भिऊ नका. २०० मीटर पोहायचं असतं, त्याला वेळेची मर्यादा नसते. मग १० मिनिटं तरंगत राहायचं. मी वर्गात सगळ्यांत शेवटी पोहोचले आणि उत्तीर्ण झाले. खाली गेल्यावर संथ श्वास लागतो, तो मला ४८व्या वर्षी सहज जमला. धडपडणाऱ्या तरुणांची हवा माझ्या आधी संपायची.

मोठी उदाहरणं तुम्ही ऐकली असतील. शार्कचा अभ्यास करणाऱ्या युजेनी क्लार्क ९२व्या वर्षी डाइव्ह करत होत्या. रे वुली २०१९ मध्ये, ९६ वर्षांचे असताना, सायप्रसजवळ बुडालेल्या झेनोबिया जहाजावर ४० मीटरपेक्षा खोल गेले. पण ही माणसं कित्येक वर्षं पाण्यात मुरलेली होती. साठीनंतर पहिल्यांदा उतरणाऱ्याने त्यांच्याकडून उमेद घ्यावी, खोली घेऊ नये.

माझ्या बहिणीचे गुडघे गेलेले आहेत. १४-१५ किलोंचा सिलिंडर पाठीवर घेऊन डुलत्या बोटीवर उभं राहणं तिला शक्य नव्हतं. प्रशिक्षकाने सामान आधी पाण्यात सोडलं आणि तिला तिथेच ते चढवायला लावलं. असं मागायला लाजू नका. पहिल्या दिवशी ३ मीटरवर तिचे कान अडले. ती हातभर वर सरकली, पुन्हा प्रयत्न केला, आणि चौथ्या मिनिटाला अंगठा वर केला. आम्ही वर आलो. बोटीत टॉवेल गुंडाळत ती एवढंच म्हणाली, "उद्या बघू."

दोन दिवसांनी आम्ही ११ मीटरवर होतो. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायची पद्धत आहे, रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून. मी घड्याळ पाहत होते. मान वळवली तर जमिनीवर खुर्चीशिवाय बसू न शकणारी माझी बहीण पाण्यात अधांतरी सैलसर मांडी घालून बसली होती.