आमची वाटचाल : भाड्याच्या सायकलींपासून फिक्सीपर्यंत

दुकान मुळात आप्पांचं, म्हणजे वडलांचं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची, तिचा आणि बाकी गिरण्यांचा भोंगा झाला की कामगार सायकलवरूनच निघायचे, त्यामुळं भाड्यानं सायकली देणं, पंक्चर, आरे आवळणं, रिम आऊट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं) यावरच घर चाललं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागवाले मोटरसायकलवर गेले, मग आम्ही गिअरच्या सायकली ठेवल्या. फिक्सी धाकट्या भावानं आणली आणि आता ऑर्डरप्रमाणं बांधून देणं हेच आमचं मुख्य काम झालंय.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, फिक्सीला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग, नसतं, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, आणि पायानं उलटा जोर देऊन वेग कमी करता येतो. पुढचा ब्रेक आम्ही तरी बसवतोच, त्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नाही.

गिऱ्हाईक आलं की ठरलेलं, "मालक, मागं पण क्विक रिलीज टाका की, लिव्हर ओढला की चाक बाहेर." आम्ही मागं नटच लावतो आणि का ते प्रत्येकाला बसवून सांगतो. गिअरच्या बहुतेक सायकलींना मागची खाच, म्हणजे चाकाचा एक्सल (मधला दांडा) फ्रेमला बसतो ती फट, उभी असते, चाकाला पुढं सरकायला जागाच नाही, तिथं क्विक रिलीज मस्त चालतो. फिक्सीत चेनचा ताण चाक मागं ओढूनच जमवायचा, म्हणून खाच आडवी आणि मागून उघडी, आपल्या काळ्या रोडस्टरसारखीच, म्हणजे चाक जागेवर धरणारं काय तर फक्त आवळण्याचा दाब. आता हिशोब बघा, क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिलिमीटरची, पुढची चकती ४८ दात्यांची म्हणजे तिची त्रिज्या साधारण ९७ मिलिमीटर, तर ६० किलोचा माणूस एका पायडलवर उभा राहिला की चेनवर शंभर किलोच्या वर ओढ येते, आणि ती सगळी उजव्या बाजूला. एक्सलचं उजवं टोक पुढं सरकलं की टायर डावीकडच्या पाइपला घासतो आणि चेन ढिली होते. पायानं उलटा जोर दिला तर खालची चेन ताणते आणि चाक तेव्हाही पुढंच ओढलं जातं. फिक्सीत चेन उतरली तर पायानं थांबवणं गेलंच, शिवाय ती अडकून चाक जाम होऊ शकतं. म्हणून या एका गोष्टीत आम्ही गिऱ्हाइकाशी वाद घालतो, गोड बोलून, पण घालतो.

क्विक रिलीज अगदीच नको असं म्हणणार नाही. कॅम (लिव्हर वळवला की दाब देणारा भाग) आत झाकलेला, दांडा स्टीलचा, असा चांगला आवळला तर धरतो. पण हलका दिसतो म्हणून विकला जातो तो उघड्या कॅमचा, त्याचा दाब कमी आणि आपल्याकडची धूळ थेट आत जाते, तो मागं आम्ही हट्टानं नाकारतो.

नटात पण फरक आहे. आम्ही वायसर जोडलेला, वायसर वेगळा फिरणारा नट घेतो, आवळताना नट फिरतो, वायसर फ्रेमला चिकटून थांबतो आणि जमवलेलं चाक हलत नाही. पाना १५ नंबरचा. जोर साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर, आणि आवळायचं कसं ते आप्पांनी रोडस्टरवर शिकवलं तसंच, थोडं डावं थोडं उजवं, एकदम एक बाजू नाही. चेन मधोमध वरखाली १२ एक मिलिमीटर हलली पाहिजे, आणि क्रँक पूर्ण फिरवून जिथं सगळ्यात ताठ लागते तिथंच बघायचं कारण चकती कधीच शंभर टक्के गोल नसते.

राहिला पंक्चरचा प्रश्न, तो खरा आहे, तुळजापूर रोडला बाभळीचा काटा कधी लागेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक फिक्सीबरोबर सीटखाली पट्ट्यानं बांधलेला छोटा १५ चा पाना देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुढच्या चाकाला क्विक रिलीज पाहिजे तर खुशाल घ्या. सध्या फ्रेमचं वेल्डिंग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत करून घेतोय, आणि पुढच्या लॉटपासून दोन्ही बाजूंना चेन आडजस्टर (एक्सल पुढं सरकू न देणारा स्क्रू) कंपल्सरी टाकणार, ज्याला क्विक रिलीजच हवाय त्याला पण.