अंगठ्याखालचं दुखणं

जुन्या गाडीचं इंजिन बसलं म्हणून कोल्हापुरात कुणी रडत नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरलं की बोअर मारणारा, क्रँक उघडून परत दाबून देणारा, तुटक्या फिनला वेल्डिंग मारणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. ओतकाम आणि लेथ या गावाच्या अंगातच मुरलेलं. त्यामुळं साठच्या दशकातली जावा मोटरसायकल अंगणात उघडून बसलेला माणूस इथं बऱ्यापैकी निर्धास्त असतो. त्याची झोप उडते ती हँडलच्या डाव्या मुठीपाशी. डिपर आणि हॉर्नचा एवढासा स्विच, आणि तो कुणाकडंच नाही.

याला भंगारवाल्याचा काटा जबाबदार आहे, असं माझं ठाम मत आहे. इंजिनाला वजन असतं, म्हणून ते निदान बाजूला तरी ठेवलं जातं. स्विचला कसलं वजन? तो हँडलसकट भट्टीत गेला. त्यात मिस्त्री लोकांनी भर घातली. स्विच दगा द्यायला लागला की वायर कापायची आणि त्या काळी जी गाडी जोरात खपत असेल तिचं प्लॅस्टिकचं बटण ठोकून द्यायचं. गिऱ्हाईकही खूश. पुढं १९९६ मध्ये मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला आणि कंपनीचा माल मिळायची वाटच खुंटली.

मग हिंडणं आलं. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, पुण्याला काही काम निघालंच तर बुधवार साधून तिथला जुना बाजार, आणि ओळखीतलं कुणी दिल्लीला निघालं की त्याच्या गळ्यात करोलबागची चिठ्ठी. तिथून नवी नक्कल येते. क्रोम झकास, किंमतही झकास. पण अंगठा लावला की पातं नुसतं सरकतं, बसत नाही. जुन्या स्विचमध्ये स्प्रिंगवरचा छर्रा खाचेत पडतो आणि ‘टक्’ होतं. अंधारात डिपर लागला की नाही, हे त्या टक्वरून अंगठ्याला कळतं.

हे नुसतं शौकीन माणसाचं नखरेल बोलणं नाही. या गाड्या ६ व्होल्टच्या. ३६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर ६. स्विचच्या आत हिरवट गंज धरून ०.१ ओहमचा अडथळा झाला, तर तिथंच अर्ध्या व्होल्टच्या वर गळती. व्होल्टेज दहा टक्के घटलं की फिलामेंटच्या दिव्याचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी पडतो. लोक बॅटरी बदलतात, कॉइलला शिव्या घालतात, आणि चोर बसलेला असतो अंगठ्याखाली.

म्हणून मी जुनाच उघडतो. तोही पारदर्शक पिशवीत हात घालून, कारण छर्रा सुटला की थेट कपाटाखाली. गंज काढायला झिरो पेपर, तोही हलक्या हातानं. पितळी पट्टीचा ताण गेला असेल तर फॉस्फर ब्राँझची नवी कापायची. खरा पेच येतो कॉन्टॅक्टचा, तो झिजून खड्डा पडलेला असतो. तिथं मला आठवली गुजरी, आमच्या गावची सराफांची पेठ. चांदीइतकी चांगली वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही, आणि चांदीत हात बसलेले कारागीर इथं आहेत. एका कारागिरानं पट्टी भिंगाखाली धरली आणि विचारलं, “पाहुणं, ह्यो दागिना घालायचा कुणाच्या अंगावर?” तापवून डाग देऊ नका, आच लागली की पट्टी मऊ पडते, एवढं सांगितल्यावर त्यानं चांदीचा दाणा थंडाच रिव्हेटून दिला. काम असं नेटकं की स्विच बंद करताना जिवावर आलं.

इंग्लिश गाड्यांचं आणखी वेगळंच. ल्युकास या इंग्लिश कंपनीच्या जुन्या स्विचना बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, आट्याचे स्क्रू. २ बीए म्हणजे ४.७ मिलिमीटर जाडी आणि आट्यातलं अंतर ०.८१. आपल्या ५ मिलिमीटरच्या स्क्रूचं अंतर ०.८. वाटतं, हा बसेलच. जोर लावला की बसतोही, आणि जस्ताच्या ओतीव अंगाला चीर देतो. घाईच्या माणसानं इंग्लिश गाडी घेऊच नये.

सध्या अडलंय ते हॉर्नच्या बटणाशी. मूळ बटण बॅकेलाइटचं. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळं तुकडे गोळा करून उपयोग नाही. काळ्या नायलॉनच्या सळीतून नवं कातून घ्यावं म्हणून उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडं गेलो. ते शाफ्ट कातणारे. बटण तळहातावर घेऊन त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“इंजान आण म्हटलं तर आणत न्हाईस, आणि ह्या टिकलीपायी जीव काढतोस व्हय?”

“मामा, एवढं एकच.”

“एकच कसं? पयलं लेथच्या चकातनं उडून जाणार. सळी चांगली हातभर आण.”