बाण लवकर सुटत होता : क्यूदो शिकतानाचा माझा अनुभव

तोक्योच्या एदोगावा प्रभागात निशीकासाई स्थानकाच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात मराठी घरेही पुष्कळ आहेत. नोकरीनिमित्त तिथे राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकायला सुरुवात केली. मनाला शिस्त लागावी एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिले काही आठवडे हातात फक्त रबर बांधलेली मूठ असते. त्यानंतर खरे धनुष्य येते. ते दोन मीटरहून उंच असते आणि त्याची मूठ मध्यावर नसून खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर असते. त्याने जेमतेम दोन मीटरवरच्या माकिवारात, म्हणजे पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात, बाण मारायचे असतात. पावले रोवण्यापासून ते बाण गेल्यानंतरच्या स्तब्ध उभे राहण्यापर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि त्यांतली सहावी पायरी म्हणजे काई. काईमध्ये धनुष्य पूर्ण ताणलेले असते, बाणाची काडी ओठांच्या रेषेत गालाला टेकते, प्रत्यंचा छातीला लागते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्या काही सेकंदांत धनुर्धर दोन्ही बाजूंना आतून वाढत असतो, आणि त्या वाढीतूनच बाण सुटायचा असतो.

अठ्ठावीस मीटरवरच्या ३६ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर माझे बाण लागू लागले, त्याच सुमारास माझी काई नाहीशी झाली. बाण ओठांच्या रेषेत येण्याआधीच, लक्ष्य नजरेत बसताक्षणी, उजवा हात आपोआप उघडू लागला. या अवस्थेला जपानीत हायाके म्हणतात. ती शिकाऊंपुरती नाही; अनेक वर्षे सराव केलेल्यांनाही ती गाठते आणि काहीजण तिच्यामुळे धनुष्य खाली ठेवतात. मी मनाशी पाच आकडे मोजायचे ठरवले, दात आवळले, स्वतःवर चिडलो. परंतु दोनच्या पुढे मला कधीच जाता आले नाही. निश्चय जितका कठोर केला तितका हात अधिक घाबरा झाला.

सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, ताणायला बारा किलोचा जोर लागणारे माझे धनुष्य काढून घेतले, नऊ किलोच्या जोराचे दिले आणि मला पुन्हा माकिवारासमोर उभे केले. पूर्ण ताण घ्यायचा, काईत थांबायचे आणि बाण न सोडता धनुष्य हळूच परत आणायचे, असा तो सराव होता. काही महिन्यांनी अठ्ठावीस मीटरवर परतलो तेव्हाही समोर वाळूचा बांध तेवढा होता, त्यावरचे लक्ष्य त्यांनी काढून ठेवले होते. अर्जुनाला पोपटाचा डोळा तेवढा दिसत होता, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचवणे सोपे नव्हते. पण सेन्सेईंचे निदान अचूक होते : मला बाण सोडायचा नव्हता, मला निकाल हवा होता.

याच काळात मी तोक्योजवळच्या कामाकुराच्या एन्गाकुजी या मंदिरात झाझेनला, म्हणजे बसून करायच्या ध्यानाला, जाऊ लागलो. मंगोल आक्रमणांत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांच्या स्मरणार्थ १२८२ मध्ये स्थापन झालेले हे झेन बौद्ध परंपरेतल्या रिंझाई पंथाचे मंदिर आहे. (आपला 'ध्यान' हा शब्द चीनमार्गे जपानला जाऊन 'झेन' झाला. मात्र क्यूदोमध्ये 'शिन-झेन-बी', म्हणजे सत्य, चांगुलपणा आणि सौंदर्य, अशी जी त्रयी सांगतात, तिच्यातला झेन हा निराळाच शब्द आहे. बरेच लोक या दोहोंची गल्लत करतात.) नवख्याने तिथे श्वास मोजायचे असतात, एक ते दहा आणि पुन्हा एक. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आले की 'तीन'चा उच्छ्वास पुरता संपण्याआधीच माझे मन 'चार' म्हणून मोकळे झालेले असते. माझा हायाके श्वासातही होता. मग तो सगळीकडे दिसू लागला : कार्यालयात समोरच्याचे वाक्य मीच पूर्ण करत होतो, आई फोनवर काही सांगत असताना मला उत्तराची घाई झालेली असायची. हे पाहताना मला मनापासून वाईट वाटले, आणि त्या दिवसापासून मी हाताला दोष देणे थांबवले.

त्यानंतर मी काईत आकडे मोजले नाहीत. एक उच्छ्वास शेवटपर्यंत जाऊ द्यायचा, एवढेच धरून ठेवले. सुमारे आठ महिन्यांनी एका सकाळी बाण सुटला आणि तो मी सोडला नव्हता. प्रत्यंचेचा तसा स्वच्छ आवाज माझ्या धनुष्यातून मी प्रथमच ऐकला.

पुढच्या वसंतात पहिल्या दानची, म्हणजे क्यूदोतल्या पदश्रेणीची, परीक्षा दिली. लेखी उत्तरे जपानीत लिहावी लागली, त्यांची तयारी मला नेमबाजीहून जड गेली. प्रत्यक्ष परीक्षेत पाच जणांच्या रांगेत उभे राहून दोनच बाण मारायचे होते. पहिला लक्ष्याच्या डावीकडे वाळूत गेला, दुसरा लक्ष्याच्या जरासा वर; मात्र दोन्ही वेळा काई टिकली, आणि बाण गेल्यानंतरही मी तसाच उभा होतो. संध्याकाळी उत्तीर्णांच्या फलकावर माझा क्रमांक लागला.

थंडीत, किंवा कामाचा ताण असलेल्या आठवड्यात, हायाके अजूनही परत येतो. म्हणून दोजोची, म्हणजे सरावाच्या दालनाची, फरशी ओल्या फडक्याने पुसून झाली की मी आधी माकिवारासमोर उभा राहतो, सहा वेळा ताण घेतो आणि सहाही वेळा बाण न सोडता धनुष्य परत आणतो.