एक खेळ सोडायला सांगू का?

"सर, पोरगी खो-खोच्या संघातही आहे आणि शंभर मीटरलाही. एक सोडायला सांगू का?" मैदानावर पालक हमखास विचारतात. मी शंभर मीटर आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही गाजवलेल्या बॉब हेजचं नाव घेतो आणि समोरचा गोंधळतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

हेज फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती मिळाली ती फुटबॉलची. आपला नव्हे, अमेरिकनांचा, लंबगोल चेंडू बगलेत मारून पळायचा. प्रशिक्षक जेक गेदर यांच्या लेखी धावणं दुय्यम. ऑलिंपिकच्या सरावासाठी पोराला मोकळं सोडा, हे सांगायला म्हणे थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा फोन आला. (आमच्याकडे खो-खोचे सर आणि मी एकाच पोरीवरून भांडतो तेव्हा फार तर मुख्याध्यापक मध्ये पडतात.)

१९६४, टोकियो ऑलिंपिक, शंभर मीटरची अंतिम शर्यत. ट्रॅक जळक्या कोळशाच्या चुऱ्याचा. हेजच्या वाट्याला पहिली लेन, चालण्याच्या शर्यतीत उखणलेली. आतल्या लेनची काय दशा होते ते फक्कीच्या रेषांवर पळालेल्या कुणालाही विचारा. त्यात एक बूट खोलीतच राहिलेला, म्हणून पायात उसना. वेळ १०.० सेकंद, विश्वविक्रमाशी बरोबरी.

मग रिले. शेवटचा टप्पा हेजचा, बॅटन हातात आलं तेव्हा अमेरिका पाचवी. सगळ्यांना मागे टाकून तो पहिला आला. त्या टप्प्याची वेळ ज्याच्या त्याच्या घड्याळात वेगळी, ८.५ पासून ८.९ पर्यंत. रिलेत पळता पळताच बॅटन घेतात, तेव्हा उसेन बोल्टच्या शंभर मीटरच्या ९.५८ सेकंदांशी तुलना नको. पण चित्रफीत बघाच. खांदे डोलतायत, पावलं आत वळलेली. शैलीला मी शून्य गुण दिले असते.

पुढच्याच वर्षी तो डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाकडून उतरला. पहिल्या हंगामात चेंडू झेलून १,००३ यार्डांची मजल आणि १२ टचडाउन (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेणं). एकास एक माणूस लावून तो आवरेना, तेव्हा संघ माणसाऐवजी मैदानाचा तुकडा राखू लागले. 'झोन' बचाव वाढला त्यात हेजचा मोठा वाटा. १९७२ च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे तिथल्या फुटबॉलचा अंतिम सामनाही जिंकला. पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगात गेला. २००२ साली वारला आणि फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाव लागलं २००९ मध्ये. तुरुंगामुळेच इतका उशीर झाला, असं मला वाटतं.

तर पोरीला दोन्हीकडे येऊ द्या. फक्त जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात तिला सूर मारायला लावू नका, एवढं खो-खोच्या सरांना तुम्हीच सांगा. माझं ते ऐकत नाहीत, आणि फोन करायला माझ्याकडे राष्ट्राध्यक्ष नाहीत.